जिरवलेले वळ

सप्टेंबर निम्मा सरला आणि सुमात्रातल्या जळत्या जंगलांचा धूर सिंगापुरावर येऊन बसला. दोन-चार वर्षांनी तो येतोच, पण या वेळी पाहुणा मुक्काम हलवायलाच तयार नव्हता. टॅम्पिनीस वस्तीतल्या बाराव्या मजल्यावरून समोरची बिल्डिंग दिसेना. शाळांनी मुलांना मैदानावर सोडणं बंद केलं. ऑफिसला जाणाऱ्यांनी तोंडाला मास्क बांधले. घोड्यांचं काय, हे मात्र कुणी विचारलं नाही.

विमल पहाटे साडेपाचला सायकलनं पागेत पोहोचायची. शहराच्या त्या टोकाला, खाडीलगतच्या जमिनीवर एका खासगी क्लबानं मातीचा गोल रस्ता आखून घेतला होता आणि दर रविवारी सकाळी तिथं घोडागाड्यांच्या शर्यती होत. हलकी दोनचाकी गाडी, तीत एक माणूस, पुढं एक घोडा. घोड्यानं दुडक्या चालीनंच पळायचं. चाल मोडून चौखूर उधळला की बाद. पैज नाही, जुगार नाही. सभासद सगळे बँकांतले नाहीतर विमा कंपन्यांतले, त्यांना एक चषक आणि चार फोटो पुरत. घाम घोड्यांनी आणि गाडी हाकणाऱ्यांनी गाळायचा.

विमलचा नवरा धैर्यशील गाडी हाकायचा. इचलकरंजीकडच्या शर्यतींत त्याचं नाव गाजलेलं. तिकडं डांबरी रस्त्यावर दोन्ही बाजूंनी मोटारसायकली बोंबलत चालायच्या आणि मधून याची गाडी सुटायची. चाबूक किती वेळा पडला हे मोजणारा तिकडं अजून जन्माला यायचा होता. आठ वर्षांपूर्वी संजीव नावाच्या पुणेकरानं त्याला तिथं बघितलं आणि इकडं आणलं. संजीव पाया लेबार भागातल्या एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता, आणि धैर्यशील हाकायचा ती घोडी त्याची होती. मागोमाग विमल आली, लेक इशिता आली. क्लबानं विमललाही मोतद्दार म्हणून लावून घेतलं. घोड्याच्या अंगाला हात लावावा तर विमलनंच, हे पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना कळून चुकलं होतं.

संजीवच्या घोडीचं कागदावरचं नाव लांबलचक इंग्रजी होतं. विमल तिला साळू म्हणायची. तांबूस, सडपातळ, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. खरारा फिरवताना मान विमलच्या खांद्यावर टाकून डोळे मिटून उभी राहायची. सोळा वर्षांच्या संसारात इतक्या विश्वासानं खांद्यावर मान टाकणारं विमलला दुसरं कुणी भेटलं नव्हतं.

क्लबात चाबकाचे नियम होते, आणि ते भिंतीवर चार भाषांत लावले होते. एका शर्यतीत सहा फटके. कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही. मनगटानं मारायचं, दंडानं नाही. अंगावर वळ उठला तर तो वेगळा गुन्हा. शर्यत झाली की मोतद्दारानं घोडा धुवायचा. मग एका छापील कागदावर घोड्याची डावी-उजवी अशी दोन चित्रं असत, त्यांवर वळ दिसेल तिथं लाल पेनानं रेघ ओढायची आणि खाली सही करायची. नंतर जनावरांचा डॉक्टर येऊन स्वतः हात फिरवून बघायचा. धैर्यशीलला दोनदा शिक्षा झाली होती, दोन्ही वेळा कॅमेऱ्यात हात वर गेलेला दिसला म्हणून. तिसऱ्यांदा गुन्हा शाबीत झाला की परवाना रद्द. परवाना गेला की इथं राहायचा पास जाणार, पास गेला की महिन्याभरात बाडबिस्तरा बांधायचा. आणि इशिताची मोठी परीक्षा तर दीड महिन्यावर आलेली.

साळूच्या अंगावर वळ मात्र आजवर एकदाही सापडला नव्हता. त्याचं कारण विमल.

विमलचा बाप घोड्यांचा दलाल. जत्रेत जनावर उभं करायच्या आधी त्याचे वळ जिरवायचे, हे काम घरातल्या बायकांचं. मिठाचं कढत पाणी, आपल्या हाताला सोसवेल त्याच्या जरा वर. त्यात भिजवलेलं फडकं वळावर दाबून धरायचं. मग गार पाणी, मग तुरटी, की परत कढत. अंगठ्यानं सूज कडेला सारत न्यायची. तासाभरात कातडं सपाट. आत दुखणं तसंच राहतं, पण वरून हात फिरवणाऱ्याला पत्ता लागत नाही. विमल सात वर्षांची असताना हे शिकली होती, आणि लग्नानंतर ही विद्या तिला स्वतःच्या अंगावरही कामाला आली. इशिताच्या शाळेत पालकांना बोलावलं की आदल्या संध्याकाळी ती बाथरूममध्ये बादली घेऊन बसायची.

शनिवारी सकाळी साळू खोकली. एकदा, दोनदा, मग मान खाली घालून लागोपाठ सहा-सात वेळा. नाकपुड्या फुलल्या, बरगड्या भात्यासारख्या हलायला लागल्या. विमलनं तोबरा काढून बघितला, दाणा तसाच होता.

संजीव आला होता. पांढरा टी-शर्ट, तोंडाला मास्क. विमल दारापाशी जाऊन म्हणाली, "साहेब, उद्या साळूला पळवू नका. छातीत धूर बसलाय तिच्या."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"नाडी बघितली. चालेल म्हणाले."

"मग झालं तर," संजीव म्हणाला. माणूस वाईट नव्हता, फक्त आपलं वाईटपण दुसऱ्याच्या सहीनं करून घ्यायची त्याला सवय होती. "विमलताई, उद्या आमच्या ऑफिसचे लोक येतायत, हाँगकाँगहून. मी शब्द दिलाय. तरी पण बघा, धैर्यशील काय म्हणतो ते. शेवटी गाडी त्याच्या हातात."

धैर्यशील मागं उभा राहून चाबकाला तेल लावत होता. त्यानं मान वर केली नाही. संजीवची गाडी फाटकातून बाहेर पडल्यावर तो उठला, विमलजवळ आला आणि तिच्या मानेमागचे केस मुठीत धरून तिचं डोकं लाकडी खांबावर आपटलं. एकदाच. आवाजानं साळू दचकून मागं सरली.

"मालकाम्होरं शहाणपणा कराय लागलीस व्हय?"

"घोडी मरंल अशानं."

"मरू दे की. तुझा बा आणून दील दुसरी."

तो तेलाची बाटली घेऊन निघून गेला. विमलनं कपाळाला हात लावून बघितला. रक्त नव्हतं, टेंगूळ होतं. तिनं बादली उचलली आणि राहिलेली लीद गोळा केली.

रविवारी आठला सात गाड्या सुटल्या. रस्ता तीन फेऱ्यांचा. अलीकडची बाजू खुर्च्यांसमोर, पलीकडची खाडीच्या अंगाला, आणि खाडीवर धूर इतका दाट की गाड्या तिकडं वळल्या की दिसेनाशा व्हायच्या. खांबांवर कॅमेरे होते, पण यंत्र झालं म्हणून त्याला धुराआडचं थोडंच दिसतं. धैर्यशीलनं हे पहिल्याच फेरीत हेरलं असणार.

विमल कुंपणाला धरून उभी होती. पहिल्या फेरीला साळू चौथी. दुसऱ्या फेरीला पाचवी, तोंड उघडं, जिभेला फेस. समोरून जाताना धैर्यशीलचा हात अगदी नियमात होता, मनगट हलतंय न हलतंय. मग गाड्या धुरात शिरल्या.

आवाज आला तो तिथून. दुसऱ्या कुणाला कळला नसता, कारण चाकांचा आणि टापांचा गदारोळ मोठा होता. पण विमलचा कान त्या आवाजावरच वाढलेला. गाडीच्या दांडीवर चाबूक बसला की टक् असं कोरडं वाजतं. अंगावर बसला की ओला आवाज येतो. हे सगळे ओले होते. ती मनातल्या मनात मोजायला लागली, आणि नवाच्या पुढं तिला मोजवेना.

धुरातून गाड्या बाहेर आल्या तेव्हा साळू दुसरी होती. डोळ्यांचं पांढरं दिसत होतं. पुढच्या पायांची चाल अजून मोडली नव्हती, आणि तेच विमलला बघवेना. इतका मार खाऊनही ते जनावर शिकवल्याप्रमाणे दुडकंच पळत होतं. रेघ ओलांडल्यावर साळू थांबली, मान खाली टाकली, आणि उजव्या नाकपुडीतून रक्ताची धार मातीत पडली.

खुर्च्यांवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरा नंबर म्हणजे काही कमी नाही.

पागेत नेऊन विमलनं साज उतरवला. डाव्या पुठ्ठ्यावर, बरगडीवर, मांडीच्या आतल्या बाजूला, जिथं कातडं अगदी पातळ असतं तिथंसुद्धा. बोटभर जाडीचे फुगलेले पट्टे. एकावर एक पडून काही ठिकाणी जाळी झाली होती. रक्त कुठं फुटलं नव्हतं. धैर्यशीलच्या हातात तेवढं कसब होतं.

तो आत आला आणि दार लोटून घेतलं. हातात चाबूक तसाच होता.

"डॉक्टर पाऊण तासात येतोय. नाकातनं रगत आलंय म्हणून पाठीमागं लागलंय बेनं. जिरव."

"न्हाई जिरायचे ह्ये. लई हायत."

"जिरव म्हनलं ना."

"कढत पाणी लावलं तर जीव जाईल तिचा. आधीच दम न्हाई. तुम्ही जाऊन सांगा, चुकी झाली म्हणावं..."

पुढचं तिला बोलता आलं नाही. पहिला फटका पोटऱ्यांवर बसला, दुसरा पाठीवर, तिसरा पुन्हा पाठीवर. ती गवताच्या पेंढ्यांवर पडली आणि तिनं तोंड हातांत झाकलं. तो मारत राहिला, आणि इथं कोपर खांद्याच्या वर गेलं तरी बघायला कुणी नव्हतं. साळू कोपऱ्यात अंग चोरून उभी राहिली होती. मारता मारता तोच थांबला, धापा टाकत, आणि एकदम नेहमीच्या आवाजात म्हणाला, "ऊठ. किटली मी लावतो. पोरीची परीक्षा हाय, इमल. एवढं ध्यानात ठेव."

हे त्याचं हुकमी पान होतं, आणि ते वायाला जात नाही हे त्याला माहीत होतं. विमल उठली.

पाऊण तास ती त्या घोडीच्या अंगावर काम करत होती. कढत फडकं पहिल्यांदा टेकवलं तेव्हा साळू किंचाळली. घोडं किंचाळतं तेव्हा ते माणसासारखंच वाटतं. दुसऱ्या वेळी तिनं लाथ झाडली, ती विमलच्या मांडीवर बसली आणि पाय बधिर झाला. धैर्यशीलनं नाकाला दोरीचा फास घालून पिळला आणि घोडी जागेवर खिळवली. विमल वाकून वळ दाबत राहिली. एक जिरला, दुसरा जिरला. अंगठ्याखाली सूज सरकायची आणि त्या जागी कातडं थरथरत राहायचं. एकूण अठरा. डोळे मिटून सांगितला असता प्रत्येकाचा ठाव.

डॉक्टर आला, त्यानं नाक बघितलं, छाती ऐकली, दोन्ही अंगांवरून तळवा फिरवला. पाण्यानं ओलं, गार, सपाट कातडं. विमलनं कोऱ्या चित्रांखाली सही केली.

घरी गेल्यावर तिनं स्वतःसाठी पाणी तापवलं नाही. अंगात तेवढी ताकदच उरली नव्हती.

खरी गोष्ट घडली ती सोमवारी, आणि ती बघायला विमलशिवाय कुणी नव्हतं. सकाळी ती रोजच्यासारखी बादली घेऊन पागेत शिरली. धैर्यशील आधीच आला होता, साळूच्या शेजारी उभा राहून लगामाची वादी तपासत होता. घोडी त्याच्याजवळ गप्प उभी होती. विमल दारात आली, बादलीची कडी वाजली, आणि साळूला कापरं भरलं. चारी पाय लटलटायला लागले. मागं मागं सरत ती भिंतीला जाऊन चिकटली आणि उभ्या उभ्या मुतली.

धैर्यशील हसला. "आता माझ्यापरीस तुला भ्यायला लागली बघ."

विमल बादली खाली ठेवून बाहेर आली आणि नळापाशी जाऊन बसली. चाबूक लागला तेव्हा ती रडली नव्हती. आता रडली. मारणाऱ्यानं मारलं तेव्हा जनावर पळत होतं, वारं लागत होतं, पुढं कुठंतरी शेवट होता. हिनं त्या जनावराला कोंडून, नाक पिळून, दुखऱ्या जागा हुडकून हुडकून जाळल्या होत्या. आणि हे पहिल्यांदाच केलं नव्हतं. सपाट केलेल्या कातड्यावरच पुढच्या रविवारचा चाबूक पडत आला होता. ती नसती तर नवरा सात वर्षांपूर्वीच पकडला गेला असता, आणि साळूच्या जागी दुसऱ्या कुणाची गाडी जिंकली असती, बस्स.

मंगळवारी क्लबाचं पत्र आलं. खाडीच्या बाजूला शर्यत बघत उभ्या असलेल्या एका पंचानं धुरात हात वर-खाली होताना बघून तक्रार नोंदवली होती. गुरुवारी तीनला चौकशी. गाडी हाकणारा, मालक आणि मोतद्दार, तिघांनी हजर राहावं.

त्या दोन दिवसांत धैर्यशील लोण्याहून मऊ झाला. खालच्या हॉकर सेंटरमधून चिकन राईस घेऊन आला, विमलच्या पानात स्वतः वाढला. "मी दांडीवर मारत हुतो, असं मी सांगणार. तुला इचारलं तर सांग, अंगाव काय बी न्हवतं. एवढंच. कॅमेऱ्यात धूर हाय नुसता. डॉक्टरचा कागद कोरा. तू बोललीस की मिटलं."

इशिता समोर बसून वही उघडी ठेवून जेवत होती. पंधरा वर्षांची, चष्मा, केस कापलेले. वडील हात धुवायला उठल्यावर ती हळूच म्हणाली, "आई, तुझी बॅक मी बघितली. बाथरूमचं दार ओपन होतं."

"पडले गं पागेत."

"डोन्ट लाय लाह, आई," ती इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाली.

"तुझी परीक्षा होऊ दे."

"माझ्या एक्झामचं नाव का घेतेस प्रत्येक वेळी?" इशिता म्हणाली. आवाज वाढवला नाही. "मी एक्झाम इंडियात पण देऊ शकते. मी कुणाला सांगितलं नाही कारण तू सांगत नाहीस. गुरुवारी हाफ डे आहे. मी येणार."

विमलला पोरीचा राग आला, आणि मग राग का आला हे कळल्यावर लाज वाटली. पंधरा वर्षं ती जिच्यासाठी सोसते म्हणत होती, तिला कुणी विचारलंच नव्हतं.

गुरुवारी चौकशीच्या खोलीत एसी इतका गार की विमलचे दात वाजायला लागले. लांब टेबलामागं क्लबाचे तीन पंच बसले होते. मधले मिस्टर क्वेक, पांढरे केस, पूर्वी शाळेत गणित शिकवायचे म्हणत. समोर पडदा. इशिताला बाहेर बाकावर बसवलं होतं.

पडद्यावर शर्यत लावली. मिस्टर क्वेकनी ती तीनदा थांबवून थांबवून दाखवली. खुर्च्यांसमोरचे फटके चार. मग धूर, आणि धुरात एक काळी आकृती वर-खाली होणारी. हात दिसतो, चाबूक दिसत नाही.

"दांडीवर मारत होतो सर," धैर्यशील इंग्रजीत म्हणाला. हे वाक्य त्यानं पाठ केलं होतं. "ओन्ली साउंड. हॉर्स नो टच."

डॉक्टरनं कागद पुढं सरकवला. वळ नाहीत.

"माझी घोडी आहे, मला तिची काळजी आहे," संजीव म्हणाला. "वळ नाहीत म्हणजे प्रश्नच मिटला, नाही का?"

मिस्टर क्वेकनी विमलकडं बघितलं. संजीवनं दुभाषा होण्याची तयारी दाखवलीच होती. त्यांनी विचारलं, संजीवनं मराठीत सांगितलं, "विमलताई, तुम्ही घोडी धुतलीत तेव्हा अंगावर काही होतं का, असं विचारतायत. निवांत सांगा."

विमल उभी राहिली. पाठीला ब्लाउज चिकटला होता. "होते," ती म्हणाली. "वळ होते. मी जिरवले."

धैर्यशीलची खुर्ची करकरली. संजीव क्षणभर थांबला आणि मग इंग्रजीत म्हणाला, "शी सेज, शी वॉश्ड द हॉर्स ॲज युज्वल."

आठ वर्षांत विमलला इंग्रजी बोलता आलं नसलं तरी समजत होतं. तिनं संजीवकडं बघितलं. तो पाण्याच्या ग्लासाकडं बघत होता. मग ती टेबलाजवळ गेली, मिस्टर क्वेकच्या समोरचा तो कोऱ्या घोड्यांचा कागद ओढून घेतला आणि डॉक्टरच्या खिशातलं लाल पेन मागितलं.

पहिली रेघ तिनं डाव्या पुठ्ठ्यावर ओढली, वरून खाली, तिरकी. मग तिच्याखाली दुसरी. मग दोघींना छेदून जाणारी तिसरी. अशा पुठ्ठ्यावरच आठ. ती अंगठा आधी कागदावर टेकवायची, जागा चाचपायची, मग पेन लावायची. बरगडीवरच्या पाच. पोटाकडच्या दोन. मांडीच्या आतल्या बाजूच्या दाखवायला चित्रात जागाच नव्हती, म्हणून तिनं बाजूला घोडीचा पाय चितारला आणि त्यावर तीन ओढल्या. शेवटची रेघ ओढून झाल्यावर ती म्हणाली, "एटीन. हॉट वॉटर, सॉल्ट. मी केलं. आय डू."

"व्हाय शुड वी बिलीव्ह?" दुसऱ्या पंचानं विचारलं. "डॉक्टरला काहीच सापडलं नाही."

विमलनं पाठ फिरवली. पदर बाजूला घेऊन ब्लाउजच्या मागची दोन बटणं सोडली. तिच्या वळांवर कढत पाणी पडलं नव्हतं. चार दिवसांत ते जांभळे-हिरवे झाले होते, बोटभर जाडीचे, प्रत्येकाच्या टोकाला चाबकाच्या गाठीचा गोल ठसा. "सेम चाबूक," ती म्हणाली. "सेम डे."

डॉक्टर उठून जवळ आला. त्यानं टेबलावरचा जप्त केलेला चाबूक उचलला, गाठ बघितली, पाठ बघितली, आणि जागेवर जाऊन बसला. संजीव मान वर करेना. मिस्टर क्वेकनी बाईंना शाल द्या म्हणून सांगितलं आणि तिघं शेजारच्या खोलीत गेले.

वीस मिनिटांनी निकाल झाला. धैर्यशीलचा परवाना रद्द, वर्षभरानं परत अर्ज करता येईल. घोडी सहा महिने शर्यतीबाहेर, क्लबाच्या ताब्यात. आणि मोतद्दारणीचा बिल्ला तीन वर्षांसाठी काढून घेतला. मिस्टर क्वेकनी हे सावकाश, सोप्या इंग्रजीत तिला समजावलं. जादा चाबूक मारणं हा नियमभंग. डॉक्टरला फसवणं ही लबाडी, आणि लबाडीची शिक्षा मोठी. तुमच्या पाठीचा विषय आमच्या पुस्तकात नाही, मॅडम. त्यासाठी पोलिसांकडं जावं लागेल. मला वाईट वाटतं.

नवऱ्याला एक वर्ष आणि तिला तीन. कुणाही बाईचं डोकं फिरलं असतं. विमलला मात्र हे पटलं. मारलेलं त्यानं होतं, जाळलेलं तिनं, आणि हिशेब साळूच्या बाजूनं धरला तर बरोबर होता. तिनं बिल्ला काढून टेबलावर ठेवला.

बाहेरच्या बोळात धैर्यशील तिची वाट बघत होता. चाबूक आत राहिला होता. त्यानं मुठीनं मारलं, थेट तोंडावर. विमल भिंतीवर आदळली, खालचा ओठ फाटला. दुसरी मूठ कानावर बसली आणि कानात शिट्टी वाजायला लागली. ती खाली पडल्यावर त्यानं लाथा घातल्या, बरगडीत, पोटात, बूट घातलेल्या पायानं. "घर बुडिवलंस. पोरीचं वाटोळं केलंस." दर लाथेला एक वाक्य. पंच दारात आले होते. कोपर खांद्याच्या किती बोटं वर गेलं हे तीन-तीनदा बघून ठरवणारी ती माणसं, पहिले काही क्षण नुसती उभी राहिली. संजीव लिफ्टचं बटण दाबत होता.

मधे पडली ती इशिता. तिनं दप्तर दोन्ही हातांनी धरून बापाच्या तोंडावर हाणलं. तिचा चष्मा उडाला, त्यानं तिला ढकललं, ती उठून परत आली. मग डॉक्टर धावला, दारावरचा रखवालदार धावला, दोघांनी धैर्यशीलला भिंतीशी दाबून धरलं. तो गुरगुरत होता, आणि इशिता फोन कानाला लावून, रडत रडत, पण एकेक शब्द स्पष्ट उच्चारत पत्ता सांगत होती.

पोलिस दहा मिनिटांत आले. दोन पुरुष, एक बाई. पुरुषांनी धैर्यशीलला बेड्या घालून खाली नेलं. जाताना तो ओरडला नाही. एकदाच मागं वळून बघितलं, घोड्यानं वळून बघावं तसं, पुढं काय आहे ते न कळल्यासारखं.

पोलिसबाई तमिळ होती, तिशीतली. तिनं विमलला चौकशीच्या खोलीत आणून बसवलं, ओठाला लावायला बर्फ मागवला. रुग्णवाहिका येतेय म्हणाली. टेबलावर तो लाल रेघांचा कागद अजून पडून होता. बाईनं तो बघितला.

"हे काय?"

"घोडीचे," इशितानं सांगितलं. "अठरा."

बाईनं वही उघडली, पेन काढलं. मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, "आणि तुम्हाला? त्यानं तुम्हाला किती वेळा मारलं?"

साळूचा प्रत्येक वळ विमलला ठाऊक होता, रविवारचाच नाही, गेल्या सात वर्षांतला. जत्रेतल्या कुठल्या तट्टाच्या कुठल्या पुठ्ठ्यावर काय होतं हेही तिनं सांगितलं असतं. स्वतःचे तिनं कधी मोजले नव्हते. जिरवले की संपले, असंच ती धरून चालली होती.

"आजचे सांगू?" तिनं विचारलं.

"जितके आठवतात तितके."

इशिता आईच्या पायाशी खाली बसली होती. तिनं आईचा हात हातात घेतला आणि बोट धरून ठेवलं, मोजायला धरतात तसं. विमलनं बर्फ बाजूला ठेवला. लग्नानंतरचा तिसरा दिवस होता, ती म्हणाली, चहात साखर कमी पडली म्हणून. तो एक. बाईनं तो लिहून घेतला, आणि पान उलटून वहीत अजून किती कोरी पानं आहेत ते बघितलं.